चिऱ्याचा खड्डा आणि ब्रासचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

खनिकर्म खात्याचा कारभार कसा वाटतो, असं कोकणात जांभ्या दगडाचे चिरे काढणाऱ्या चिरेखाणवाल्याला विचारलं, तर नियम कडक असल्याची कुरकुर तो क्वचितच करतो. तो आधी मोजणीचं काढतो, मग वाहतूक पासाचं. अधिकारी चांगला की वाईट हा विषय चहा संपता संपता येतो.

मोजणीचं दुखणं नीट समजून घेऊ. १४ बाय ९ बाय ७ इंचांचा चिरा म्हणजे अर्ध्या घनफुटाहून किंचित जास्त दगड. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यात असे १९५च्या आसपास चिरे बसतात. आता समजा, १०० फूट लांब, १०० फूट रुंद आणि १० फूट खोल खड्डा झाला. ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र, लावलं की आकडा येतो एक हजार ब्रास. पण वरची दोन फूट माती होती, ती २०० ब्रास गेली. उरलेल्या ८०० ब्रासमध्ये कटरच्या पात्याच्या जाडीएवढा दगड प्रत्येक कापाला भुगा होऊन उडतो, कोपरे तुटतात, मध्येच मऊ थर लागतो. पाव हिस्सा असा गेला, तर विकायला चिरा उरतो ६०० ब्रास. पासही तेवढेच फाडलेले. मधल्या ४०० ब्रासचं काय? कागदावर ते विनापरवाना उत्खनन दिसतं, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. खात्याचं डोकं फक्त वसुलीत चालतं, हा राग इथून येतो.

राग खरा, पण अर्धाच. खोदाईआधीची जमिनीची पातळी कुणी नोंदवलेलीच नसेल, तर माती दोन फूट होती की चार इंच, हे मोजणीदाराने कशावरून धरायचं? डबर, म्हणजे तुटकाफुटका दगड, आणि भुगा खाणीतच पडून असेल तर दाखवता येतो. पण तोच डबर विनापास रस्त्याच्या भरावाला गेलेला असतो, तेव्हा तक्रारीत दम राहत नाही. आणखी एक गोम आहे. सुटा ढीग मूळ दगडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून ढिगाचं माप खड्ड्याच्या मापातून सरळ वजा करता येत नाही. फुगवटा धरावा लागतो, आणि तो किती धरायचा यावर पंचनाम्याच्या वेळी हमखास वाद होतो.

पासांचं थोडक्यात. महाखनिज या सरकारच्या ऑनलाइन पास प्रणालीमुळे कचेरीतल्या खेपा वाचल्या, हे तक्रार करणारेही मान्य करतात. मात्र चिरेखाणी असतात सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या पठारावर, आणि सड्यावर रेंज मिळेलच असं नाही. पासाची मुदत तासांत असते. करूळ किंवा फोंडा घाटात वाहतूक तुंबली की ती रस्त्यातच संपते, आणि नाक्यावर गाडी अडते. बिचारा ड्रायव्हर फोन लावत बसतो.

सिलिका वाळूवाल्यांचं गाऱ्हाणं वेगळं. फेब्रुवारी २०१५मध्ये केंद्राने ३१ खनिजं गौण ठरवली, त्यात सिलिका वाळू होती, जांभाही होता. म्हणजे सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातल्या वाळूचा कारभार नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडून राज्याकडे आला. रेडीचं लोहखनिज मात्र प्रमुख खनिजच राहिलं, त्याचा खाण आराखडा आजही ब्युरोकडेच जातो. कचेरी जवळ आली ही सोय झाली. पण ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर चिरा, खडी आणि खाडीतली वाळू आधीच पडलेली, त्याने खाणीतल्या टप्प्यांचा उतार आणि वाळू धुण्याच्या पाण्याचे तलाव कधी तपासायचे?

आणि ही तपासणी नुसती कागदी नव्हे. जुलै २०२१मध्ये दोडामार्ग तालुक्यात कळणे इथे खाणीतला बांध फुटला आणि चिखलपाणी खालच्या वस्तीत, बागायतीत घुसलं. बांधाचा पाया, सांडवा, गाळ किती साठलाय, हे मे महिन्यात बघायला कुणी आलं, तर त्याला छळ म्हणणाऱ्या खाणवाल्यांशी निदान आम्ही सहमत नाही.

खात्यावर आमचा खरा आक्षेप वेळेचा आहे. आपल्याकडे खोदाईचा हंगाम ऑक्टोबर ते मे. परवाना जानेवारी सरता सरता हातात पडला, तर उरतात चार महिने, आणि मग ठरलेले ब्रास पुरे करायला रात्रीही यंत्रं चालतात. जिल्ह्याला वसुलीचं उद्दिष्ट असतं, तसं अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा याचंही असावं, आणि ते पाळलं की नाही हे तितक्याच जोराने विचारलं जावं.

तोवर परवानाधारकांनी तीन कामं स्वतः करावीत. यंत्र उतरवण्याआधी जमिनीची पातळी मोजून नकाशा कचेरीत द्या आणि पोच घ्या. संदर्भाचा दगड खड्ड्याबाहेर, कुणी हलवणार नाही अशा जागी रोवा. शेवटची मोजणी पाऊस लागण्याआधी उरका, कारण जूनमध्ये खड्डा भरला की तळ दिसत नाही, आणि मग खोली अंदाजाने लिहिली जाते.

नमस्कार.