आधी उघडा, मग बसवा

(दृश्य: पत्र्याचा ट्रे. ड्रेन प्लग सुटतो.)

ट्रेमध्ये पडणारं ऑइल बघा. जुनं गिअर ऑइल काळपट असतं, त्यात काही नवल नाही. हे मात्र दुधाळ आहे. म्हणजे गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलंय.

गिऱ्हाईकाच्या अल्टोत बसवायचा हा जुना गिअरबॉक्स काल संध्याकाळी सांगलीतल्या या गॅरेजमध्ये आला. बाहेरून चकाचक. दुकानदाराने डिझेलने धुऊन वर चंदेरी रंगाचा हात फिरवलाय. रंग दिसला की मिस्त्रींचा संशय उलट वाढतो. "रंगाला पैसे उगाच कोण घालतंय?" एवढंच म्हणाले आणि पाना उचलला.

सांगलीत गाडीच्या पोटात पाणी सापडलं की आधी पूर आठवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या. गिअरबॉक्सला हवा जायला-यायला वरच्या अंगाला ब्रीदर असतो, पाणी तिथून आत उतरतं. आणि ऑइल सील असतात ते आतलं ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेरचं पाणी ते किती दिवस अडवणार? अशा गाड्या पुढे कुठेतरी सुट्या होतात आणि त्यांचे पार्ट बाजारात फिरत राहतात. हा बॉक्स कुठल्या गाडीचा, हे पावतीवर नाही.

(दृश्य: हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, वेगळं होतं. अगदी जवळून.)

पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. त्यामुळे हा गिअर वरून लखलखीत आणि खाली सरळ रेघेत गंजलेला. पुरानंतर इथल्या घरांच्या भिंतींवर राहते, तशीच रेघ. बेअरिंग बोटात फिरवलं की खरखर ऐकू येते. आतल्या कड्यावर, म्हणजे रेसवर, गंजाने खड्डे पाडलेत, ते घासून जात नाहीत. बॉक्स बाद.

(दृश्य: दुसरा बॉक्स टेबलावर.)

दुपारी दुसरा आला. कळकट, रंगबिंग काही नाही.

ऑइल काळं, पण पाणी नाही. प्लगच्या चुंबकाला राखाडी गाळ चिकटलाय. मिस्त्री तो दोन बोटांत चोळून बघतात. मऊ लागला तर रोजची झीज, चालतं. टोचणारा कण निघाला तर कुठल्यातरी दाताचा टवका उडालाय. इथे काही टोचलं नाही.

मग हाउसिंगचे कान. बॉक्स उतरवताना आपटला की माउंटिंगचा कान तडकतो आणि वेल्डिंग करून झाकला जातो. चिंधीने पुसून, बॅटरी मारून चारही बाजू बघितल्या.

आता इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आत आणणारा दांडा. धरून आडवा हलवायचा, प्ले, म्हणजे ढिलेपणा किती ते हाताला कळतं. गाडीतून निघालेली जुनी क्लच प्लेट शाफ्टवर सरकवली. अलगद बसली, म्हणजे दाते जुळले. मिनिटभराचं काम. ते न करता अख्खा बॉक्स चढवून पुन्हा उतरवणारेही भेटतात.

गिअर टाकून शाफ्ट धरून ठेवला आणि एका बाजूने एक्सल घालून फिरवला. दुसरी बाजू उलटी फिरली. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शिअल ठीक.

(दृश्य: पितळी रिंग, मिस्त्रींचा अंगठा.)

खरी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू. ही सिंक्रो रिंग. गिअर बदलताना दोन भागांचा वेग जुळवून घेणारी. आतल्या बाजूला बारीक आटे दिसतात? ते ऑइलचा थर कापतात, तेव्हा रिंग गिअरच्या कोनाला, म्हणजे शंकूसारख्या भागाला, पकडते. आटे झिजून सपाट झाले की रिंग नुसती घसरते आणि गिअर कर्रकन ओरडतो. मिस्त्री रिंग कोनावर दाबून मधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालतात. नव्या रिंगेला साधारण मिलिमीटरभर फट असते. अर्ध्यावर आली की रिंग फेकायची. दुसऱ्या गिअरची रिंग सगळ्यात आधी जाते. गावातल्या गर्दीत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा हेच चाललेलं असतं. इथेही तीच गेली होती. नवी मागवली.

रिव्हर्सचे दाते सरळ असतात. गाडी पुरती थांबायच्या आत रिव्हर्स टाकायची सवय असलेल्या मालकाची खूण त्यांच्या कडांवर राहते. या बॉक्सचा जुना मालक सबुरीचा असावा.

बसवतानाचं चित्रण नाही, त्या दिवशी लाइट गेली होती.

(दृश्य: लेव्हल होलमधून ओघळणारं ऑइल.)

गिअर ऑइल जीएल-४ दर्जाचं, लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत. जीएल-५ म्हणजे वरचा नंबर, म्हणून चांगलं, असं समजून काही जण तेच ओततात. त्यातली गंधकाची रसायनं पितळी रिंगांना खाऊ शकतात.

न उघडता बसवलेला बॉक्स बिघडला तर पुन्हा उतरवायची मजुरी गिऱ्हाईकाच्याच बोकांडी बसते.

चंदेरी बॉक्स दुकानात परत गेला. दुकानदाराने कुरकुर करत पैसे वळते केले. गाडीचे मालक मिरजेचे. एक रिंग, दोन सील आणि ऑइल यांचं बिल देऊन, गाडी स्वतः चालवत घरी गेले.