अल्लारखाँ: आधी तोंड, मग हात

नमस्कार मंडळी. माईक जरा वर घ्या नं भाऊ, तबलजीचा असल्यासारखा गुडघ्यापाशी लावून ठेवलाय. हां, आता बरोबर.

तर विषय आहे तबलावादक उस्ताद अल्लारखाँ, आणि त्यातही गुरू अल्लारखाँ. सतारवादक रविशंकरांचे साथीदार म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, अमेरिकेतले संगीत महोत्सव, 1967चं मॉन्टेरे, 1969चं वुडस्टॉक तुम्ही मोबाईलवर पाहिलंच असेल, आणि झाकीरभाईंचे, म्हणजे झाकीर हुसेन यांचे वडील ही ओळख तर आहेच. माणूस आयुष्यभर शिकवत राहिला, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

पण त्याआधी एक तक्रार करतो, बरेच दिवस पोटात आहे. पत्रिका! गायकाचं नाव एवढं मोठं, फोटोसकट, खाली अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक म्हणून अख्खी कॉलनी, आणि तबलजी सगळ्यात खाली मंडपवाल्याच्या वर. कधी कधी तर नुसतं 'साथसंगत: स्थानिक कलाकार'. म्हणजे आम्हाला नाव पण नाही का हो? (हशा) बरं, आपल्या नागपूरचा एप्रिल-मे. ग्रीनरूममध्ये कोरड्या उन्हाळ्यानं पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, ताणून तबल्याचा सूर चढलेला, तो उतरवून, सुरात बसवून स्टेजवर आणावा, तर आयोजकांनी प्रेमानं एक भला मोठा कूलर बरोब्बर आपल्याकडे तोंड करून लावलेला. ती ओली हवा लागली की पुडी सैल पडते, तबला उतरत जातो. मग हातोडी घ्या, गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, ठोका, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, एकेक घर फिरत या, आणि पहिल्या रांगेतले काका बाजूच्याला विचारतात, "हा कवाचा ठोकूनच राहिला, वाजवणार कधी?" काका, कूलर बंद करा, लगेच वाजवतो! (टाळ्या)

आणि पालक. क्लासमध्ये पाय ठेवल्याबरोबर पहिला प्रश्न, दहावीच्या वाढीव मार्कांसाठी कोणती परीक्षा लागते, आणि दहावीच्या आत होईल नं? पोरगं अजून 'ना' हा साधा बोल वाजवताना बोट कुठे टेकवायचं ते शोधून राहिलंय. मार्क मिळावेत, माझं काही म्हणणं नाही, पण मग पोरं वहीतला कायदा, म्हणजे तबल्याची ठरलेली रचना, पाठ करतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तबला माळ्यावर.

चिठ्ठी आली वाटते... दहा मिनिटं? अहो, मी अजून विषयावर आलोच नाही! ठीक आहे, पटापट सांगतो.

जन्म 1919, जम्मूकडचं फगवाल गाव. तबल्याच्या नादानं पोरगं घर सोडून लाहोरला मियाँ कादरबक्षांकडे गेलं, म्हणजे पंजाब घराणं, पखवाजाचा वारसा असलेलं, लयीच्या हिशोबाचं. पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँकडे गाणंही शिकले, आणि पुढे ए. आर. कुरेशी नावानं सिनेमाला संगीत दिलं. मधलं बरंच गाळतो.

मुद्दा हा की त्यांचं शिकवणं तोंडानं सुरू व्हायचं. झाकीरभाई जन्मले तेव्हा बाळाच्या कानात प्रार्थना म्हणायची, तर यांनी तबल्याचे बोल म्हटले. पुढे पहाटे तीनला उठवून तासन्‌तास नुसती पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, समोर तबला नाही. का? तर हे बघा, टाळी द्या माझ्यासोबत, तीनताल, सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोक्यांचं चक्र. 'तिट कत गदि गन धा', एकेका मात्रेत दोन अक्षरं, शेवटचा धा पूर्ण मात्रेचा, म्हणजे पाच मात्रा. तीनदा म्हटलं की पंधरा, हीच तिहाई. तिसऱ्या मात्रेवरून उचला, मध्ये न थांबता, शेवटचा धा आपोआप समेवर, म्हणजे पुढच्या चक्राच्या पहिल्या मात्रेवर. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. जे तोंडाला येते ते हाताला लवकर येते, आणि हाताच्या सवयीपलीकडचं नवीन सुचतं तेही तोंडातच.

म्हणूनच त्यांच्या हाताखालचे लोक एकसारखे वाजत नाहीत. झाकीरभाई वेगळे, योगेश समसी वेगळे, अनुराधा पाल वेगळ्या. 1985ला मुंबईत त्यांनी स्वतःची संस्था काढली, वय सहासष्ट, पद्मश्री मिळूनही आठ वर्षं झालेली. आरामात बसता आलं असतं, पण 2000 साली जाईपर्यंत शिष्य घडवणं सुटलं नाही. पेशकारावर, म्हणजे एकल तबल्याच्या सुरुवातीच्या संथ वादनावर, बोलायचं राहिलं, आता अध्यक्ष उभेच राहिले. बरं, ज्यांची पोरं तबला शिकतात त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी थांबा, ही तिहाई एकदा सगळ्यांकडून म्हणवून घेतो, आणि पालकांनी पण म्हणायची.