अंश आणि छेद : साथरोगतज्ज्ञ घडताना

(दृश्य : ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा. खाटा अपुऱ्या पडल्याने काही रुग्ण सतरंजीवर.)

असे समजू या की एका गावातल्या लग्नात 120 माणसे जेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांतल्या 48 जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. आकडे अभ्यासापुरते रचलेले आहेत. प्रसंग मात्र लग्नसराईत कुठेही घडू शकेल असाच आहे. रुग्णालयात आलेल्या प्रत्येकाला काय काय खाल्ले असे विचारले, तर 48 पैकी 44 जण जिलेबी खाल्ल्याचे सांगतात आणि 42 जण मठ्ठा प्यायल्याचे. व्हरांड्यातल्या नातेवाइकांचा निकाल तेवढ्यात लागलेला असतो : जिलेबीच बाधली, आचाऱ्याने जुने तेल वापरले.

साथरोगतज्ज्ञ या टप्प्यावर रुग्णालयाबाहेर पडतो, कारण त्याला भेटायची असलेली माणसे तिथे नसतात. जे त्याच पंगतीत जेवले आणि तरीही ठणठणीत राहिले, अशा 72 जणांच्या घरी जाऊन तो तोच प्रश्न विचारतो. तेव्हा कळते की जिलेबी 110 जणांनी खाल्ली होती आणि त्यांतले 44, म्हणजे 40 टक्के, आजारी पडले. पण ज्या 10 जणांनी जिलेबीला हातही लावला नव्हता, त्यांतलेही 4, म्हणजे 40 टक्केच, आजारी पडले. मठ्ठा मात्र 60 जणांनी घेतला, त्यांतले 42 आजारी, म्हणजे 70 टक्के. न घेणाऱ्या 60 जणांत आजारी अवघे 6, म्हणजे 10 टक्के. धोका सातपट. जिलेबी निर्दोष सुटते आणि चौकशी मठ्ठ्याच्या पिंपाकडे, त्यात घातलेल्या बर्फाकडे आणि तो बर्फ ज्या पाण्याचा केला त्या पाण्याकडे वळते.

शाळेत शिकलेल्या अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचे, तर अंश, म्हणजे आजारी पडलेले, रुग्णालयात आयता सापडतो, छेद, म्हणजे जेवलेले सगळे, मात्र गावात जाऊन मिळवावा लागतो. या पेशाचे निम्म्याहून अधिक शिक्षण त्या छेदासाठीच असते, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

(दृश्य : मुंबईच्या मांडवी भागाची जुनी छायाचित्रे.)

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीतल्या एका रुग्णावरून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग आल्याचे ओळखले. त्यानंतर जिवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरल्यावर केलेली तुलना. स्वखुशीने लस घेतलेले कैदी आणि न घेतलेले कैदी एकाच आवारात राहत होते, एकच अन्न खात होते आणि रोज हजेरीला उभे राहत होते. तुरुंगात छेद पक्का असतो. शहरात नेमके याच्या उलट घडत होते : घराघरांत शिरून होणाऱ्या झडत्यांच्या आणि विलगीकरणाच्या धास्तीने लोक रुग्ण लपवत होते आणि मृत्यूही. दहशतीने अंशच खोटा झाला, तर पुढचे गणित कितीही शुद्ध असले तरी फुकट जाते, हे तेव्हापासून ठाऊक असूनही प्रत्येक मोठ्या साथीत ते पुन्हा शिकावे लागते.

(दृश्य : उपकेंद्राची एक खोली. भिंतीवर गावांचा नकाशा, टेबलावर टॅब्लेट.)

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात 2004 मध्ये सुरू झाला. त्यात उपकेंद्राची आरोग्यसेविका संशयित रुग्णांची नोंद करते, वैद्यकीय अधिकारी तपासून संभाव्य रुग्णांची, आणि प्रयोगशाळा खात्री झालेल्यांची. या तीन पातळ्यांना एस, पी आणि एल म्हणतात. पूर्वी आठवड्याचे फॉर्म कागदावर भरले जात, आता नोंद थेट संगणकावर जाते. जिल्हा पातळीवर बसलेल्या साथरोगतज्ज्ञाची दिवसाची सुरुवात या नोंदी वाचण्याने होते. एखाद्या गावात तापाचे 9 रुग्ण ही बातमी आहे की नाही, हे त्या 9 वरून ठरत नाही. गेल्या काही वर्षांत याच महिन्यात त्या गावात एरवी किती असत, यावरून ठरते. म्हणून एखाद्या गावाचा आकडा आठवडेच्या आठवडे शून्य येत असेल, तर जाणता माणूस समाधान मानत नाही, तिथल्या सेविकेचे पद रिकामे आहे का, हे आधी विचारतो.

एरवीचा आकडा माहीत असण्याचे महत्त्व जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात दिसले. गिया-बारे हा नसांचा आजार एरवी वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा. त्यामुळे एकाच परिसरातून थोड्या दिवसांत आलेले मूठभर रुग्णही धोक्याची घंटा ठरले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत घरोघर सर्वेक्षण झाले, विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याचे नमुने घेतले गेले आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. मेंदूविकारतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि दारोदार फिरणारी आशा सेविका या तिघांचे काम एका तक्त्यात बसवणे, ही तिथली खरी कसोटी होती.

(दृश्य : छापील तक्ता, त्यावर पेनाने केलेल्या दुरुस्त्या.)

तो तक्ता म्हणजे लाइन लिस्ट : एका रुग्णाला एक ओळ. नाव, वय, पत्ता, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि आजार सुरू झाल्याची वेळ. दाखल झाल्याची वेळ नव्हे; नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. माणसाला तारीख आठवत नाही, पण "बाजाराच्या आदल्या रात्री" हे पक्के आठवते, म्हणून विचारणाऱ्याला त्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो हे माहीत असावे लागते. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच, ही जुलाबाची व्याख्या पुस्तकात आहे. गावात त्याला ढाळ म्हणतात, हगवण म्हणतात किंवा संकोचून नुसते "पोट बिघडले" म्हणतात. संख्याशास्त्र इतके महत्त्वाचे मानले जाते आणि बोलीभाषेचे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात गुणांना नसते, याचे नवल वाटते.

संख्याशास्त्र अर्थातच टाळता येत नाही. दराची तुलना, योगायोगाची शक्यता, दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही याची जाण, हे सारे हाताखालून जावे लागते. आकडेमोडीसाठी एपी इन्फो आणि आर ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात, नकाशांसाठी क्यूजीआयएस मोफत मिळते. साधनांअभावी कोणी अडत नाही. शिवाय पाण्यातले क्लोरिन तपासणारा ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट स्वतः करता आला पाहिजे : नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे, नाही आला तर पाणी शुद्ध करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याची वहीतली नोंद बाजूला ठेवायची.

या पेशात यायला डॉक्टरच असावे लागते, हा गैरसमज आहे. एमबीबीएसनंतर सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी हा रूढ रस्ता झाला. पण आयुर्वेद, दंतवैद्यक, परिचर्या किंवा संख्याशास्त्र शिकलेल्यांनाही सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून येता येते. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 पासून प्रत्यक्ष साथींवर काम करत शिकण्याचे दोन वर्षांचे प्रशिक्षण आहे. पशुवैद्यांची गरज किती, हे गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या लोकांनी पाहिले आहे : तिथे माकडतापाची पहिली खूण रुग्णालयात नव्हे, तर जंगलात मरून पडलेल्या माकडांत दिसते आणि तो पसरवते गोचीड.

नोकरीचे चित्र मात्र गुळगुळीत करून दाखवू नये. जिल्ह्यातली कित्येक पदे कंत्राटी आहेत, मुदतवाढीच्या आदेशाची वाट पाहत वर्ष संपते, आणि अहवालात "साथ" असा शब्द लिहिला म्हणून वरून फोन येणे हेही नवे नाही. तरीही चिकाटीने केलेल्या मोजणीतून काय होऊ शकते, याचा दाखला गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून 1986 मध्ये गडचिरोलीत गेले. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग 39 गावांत झाला. पण त्याच वेळी जिथे हा प्रयोग नव्हता अशा 47 गावांतही प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला जात होता. त्या दुसऱ्या मोजणीमुळेच, नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले तेव्हा जगाला ते मानावे लागले.

(दृश्य : संध्याकाळ. गावाची गल्ली, गुरे परतत आहेत.)

सकाळच्या सर्वेक्षणात या गल्लीतली तीन घरे कुलूपबंद होती. माणसे शेतावर गेलेली. तक्त्यात त्यांच्यापुढे पेन्सिलीने फुली मारलेली आहे, आणि दिवसभराच्या उन्हानंतरही सर्वेक्षण करणारी तरुणी परत आली आहे, कारण फुली म्हणजे शून्य नव्हे. दोन दारे उघडली, नोंद झाली. तिसऱ्या घरासमोर एक म्हातारी गाईला पाणी दाखवत उभी आहे. आमच्याकडे कोणी आजारी नाही, दुसरीकडे जा बाई, असे ती हात हलवून सांगते. तरुणी ओट्यावर टेकते, पेन्सिल काढते आणि विचारते, "बरे आहे आजी, पण घरात माणसे किती?"