मी गाळलेल्या ओळी

(औसा तालुक्यातल्या एका गावी प्रथम पुण्यस्मरणाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

राम कृष्ण हरी, मंडळी. कीर्तनकार महाराजांची गाडी अजून लातुरातच आहे आणि टाळकरी येऊन बसलेत, म्हणून तोवर मास्तरनं दोन शब्द बोलावे असं ठरलं. जन्मभर खडू झिजवलेल्या माणसाला दोन शब्द बोलायला सांगणं ही चूक आहे, आणि ती तुमची.

मागं फलकावर 'मेजर' लिहिलंय. तात्या असते तर आधी ते पुसायला लावलं असतं. ते पेन्शनवर आले हवालदार म्हणून. पण आपल्याकडं फौजेतून आलेला माणूस मेजरच असतो. "अरं बाबा, मेजर लई मोठा साहेब असतो," असं सांगून सांगून शेवटी त्यांनीच नाद सोडला.

तात्या माझे सख्खे चुलते. ते भरती होऊन पहिल्यांदा वर्दीत घरी आले तेव्हा आमच्या आजीनं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तिच्या लेखी वर्दी म्हणजे निजामाचे रझाकार. आजोबा ओसरीवरून म्हणाले, "अगं, रझाकार गेले ते याच फौजेमुळं." १९४८ च्या सप्टेंबरात सोलापूरकडून नळदुर्गावर आलेली फौज त्यांच्या डोळ्यापुढं असायची. पाच दिवसांत निजामाची सत्ता गेली, हे ते शेवटपर्यंत पाच बोटं दाखवून सांगत. तरी आजीनं तात्यांना कपडे बदलायला लावले, मगच भाकरी वाढली.

मला सांगायचंय ते पत्रांबद्दल. काकूंना तेव्हा वाचता येत नव्हतं. मी चौथी-पाचवीत. तात्यांचं आंतरदेशीय पत्र आलं की मला खेळातून ओढून आणायचे. पाठवणाराच्या पत्त्यात गाव नाही, फक्त पलटण आणि 'मार्फत ९९ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस. काकू विचारायच्या, "हे एपीओ कुठं आलं रे?" मी ठोकून द्यायचो, "दिल्लीच्या पल्याड."

१९७१ च्या डिसेंबरात तात्या जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून यांनी त्या गावाची ढाक्याकडची वाट अडवलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज वेढा फोडून निघाली आणि मराठ्यांच्या माऱ्यात सापडली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. एवढी मोठी लढाई, पण तात्यांचा जीव त्या चिठ्ठीवर. त्यांचा पोरगा पुण्याला शिकायला होता, आठ-आठ दिवस पत्र नाही. तो घरी आला की ऐकवायचे, "दुश्मनानं गोळी का असंना, पण उत्तर तर धाडलं!"

आणि त्या डिसेंबरातलं त्यांचं स्वतःचं पत्र काय होतं? 'इकडे थंडी आहे. तब्येत ठीक. म्हशीला पेंड चालू ठेवणे.'

काकूही काही कमी नव्हत्या. ७२ चा दुष्काळ. आड आटलेला, म्हैस विकलेली. काकू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. तिथं सुकडी मिळायची, घरी रेशनची मिलो ज्वारी. तिच्या लाल भाकरीची चव आठवली की अजून घास फिरतो. संध्याकाळी त्या चिमणीपुढं बसून मला सांगायच्या, "लिही, सगळं बरं हाय. म्हैस दूध देती." मी विचारलं, "काकू, म्हैस कुठाय?" तर म्हणाल्या, "तू लिही. तिथं बंदूक धरायची हाय त्यांना."

उन्हाळ्यात तात्या रजेवर आले. पाण्याचा तांब्या घेताना त्यांनी काकूंच्या हाताकडं बघितलं. तळव्याला घट्टे, दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे खडीवर काकूंच्या जागी ते जाऊन बसले. पुरी रजा तिथंच गेली. बायकोचं काम करतो म्हणून लोक हसायचे. हसणाऱ्यांतले दोघंतिघं आज इथं पुढंच बसलेत, नावं घेत नाही.

पेन्शनवर आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते काकूंना पाटी आणून दिली. शिकवण्याची पद्धत परेडची. "ग गणपतीचा, सावधान!" काकू चिडून पाटी आपटायच्या. पण शिकल्या.

मग ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, चारला चार मिनिटं कमी. किल्लारीच्या भूकंपानं काय केलं ते तुम्हाला मी काय सांगू. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, सगळं झोपेतच अंगावर आलं. तात्यांनी घरातली माणसं बाहेर काढली आणि लगेच गल्लीत गेले. रांग लावली, हातोहात दगड मागं. मधेच ओरडायचे, "गप! कुणी रडू नका, ऐका!" सगळी गल्ली श्वास धरून उभी राहायची, ढिगाखालून आवाज येतो का ते ऐकत. शेजारच्या घरातलं लेकरू तसंच सापडलं. तीन दिवसांनी आमच्या ढिगातून तात्यांची काळी ट्रंक निघाली. झाकण चेपलेलं, पण आतली पत्रं कोरडी.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दुपार सरता सरत नसे. काकूंनी ट्रंक उघडली आणि बोट ठेवून एकेक पत्र वाचायला लागल्या. एका संध्याकाळी मला निरोप आला. गेलो. "काय करलालास रे मास्तर?" म्हणाल्या, आणि एक पत्र पुढं केलं. "ही ओळ तू मला वाचून दाखवली नव्हतीस."

ओळ अशी होती: 'कारळाची चटणी संपली. डबा अजून धुतला नाही, रात्री उघडून वास घेतो.'

दहा वर्षांचं पोरगं होतो. असलं काही मोठ्यानं वाचायची मला लाज वाटायची, म्हणून मी गाळत असे. अशा किती ओळी गाळल्या, त्या काकूंनी मोजून ठेवल्यात. मला आकडा सांगत नाहीत. तात्या बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते. म्हणाले, "मला वाटायचं, ही उत्तरात त्याचं काहीच कसं लिहीत नाही?"

महाराज आले वाटतं. या, या, महाराज.