अठ्ठावीस मिलिमीटरचा सैनिक आणि त्याची आगगाडी

टेबलाच्या कडेला एका मालवाघिणीची छोटी प्रतिकृती उभी आहे. तिच्या उघड्या दाराशी रशियन यादवी युद्धातला, लांब ओव्हरकोट घातलेला एक सैनिक ठेवला आहे. वाघीण एचओ प्रमाणातली, म्हणजे मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. सैनिक २८ मिलिमीटरचा. स्वतंत्रपणे पाहिल्यास दोन्ही सुबक आहेत, पण शेजारी ठेवताच सैनिकाची टोपी दाराच्या चौकटीवर जाते आणि आत शिरायचे तर त्याने रांगावे की काय, असा प्रश्न पडतो.

ही चूक साहजिक आहे, कारण आगगाड्यांच्या प्रतिकृती जमवणे आणि वॉरगेमिंग, म्हणजे छोट्या मूर्ती मांडून टेबलावर युद्धाचा खेळ खेळणे, या दोन छंदांची मोजण्याची रीत वेगळी आहे. रेल्वेवाले गुणोत्तर सांगतात. वॉरगेमिंगवाले मूर्तीची उंची सांगतात, आणि तीही बहुधा तळपायापासून डोळ्यांपर्यंतची. माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १,६०० मिलिमीटरवर असतात असे धरले, तर २८ मिलिमीटरची मूर्ती १:५६ च्या आसपास येते. रेल्वेच्या रूढ मापांत नेमके हेच प्रमाण नाही. एका बाजूला १:६४ चे एस आहे, दुसऱ्या बाजूला ओ. आणि ओ म्हणजेसुद्धा ब्रिटनमध्ये १:४३.५, युरोप खंडात १:४५ आणि अमेरिकेत १:४८.

अशा वेळी खोक्यावरच्या आकड्यापेक्षा दारावर पट्टी लावणे अधिक उपयोगी ठरते. दोन मीटर उंचीचे दार एचओमध्ये २३ मिलिमीटरचे होते, एसमध्ये ३१ आणि अमेरिकी ओमध्ये जवळपास ४२ मिलिमीटरचे. टोपी आणि पायाखालचा तीन मिलिमीटर जाडीचा बेस धरून आपला सैनिक सुमारे ३५ मिलिमीटर भरतो. त्यात अशा मूर्तींची डोकी, हात आणि बंदुका मुद्दाम थोड्या ठसठशीत घडवलेल्या असतात. त्यामुळे कागदावर एस आणि अमेरिकी ओ दोन्ही १:५६ पासून सारखीच दूर वाटत असली, तरी टेबलावर ओ शोभते.

रशियाच्या बाबतीत ओची बाजू आणखी भक्कम होते. ओच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असते. ४८ ने गुणले की ते १,५३६ मिलिमीटर होते, आणि अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाणित रुळांसाठी ते जास्त रुंद पडते. रशियाचे रूळ मात्र त्या काळी १,५२४ मिलिमीटरचे होते. अमेरिकी गाडीचा जो दोष, तोच इथे गुण ठरतो. मुंबई-ठाणे मार्गापासून आपल्याकडे आलेली १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज दाखवायची असेल, तर हे भाग्य लाभत नाही. तिला याच प्रमाणात ३५ मिलिमीटर लागतात.

लहान मूर्तींचे काम सोपे आहे. २० मिलिमीटरच्या सैनिकांना ब्रिटिश ओओ, म्हणजे १:७६, चालते. ब्रिटनमधल्या मूळ गाड्याच आकाराने लहान असल्याने सुरुवातीच्या विजेच्या मोटारी १:८७ च्या इंजिनात मावेनात, म्हणून वरचा सांगाडा मोठा केला गेला आणि खाली एचओचाच १६.५ मिलिमीटरचा रूळ राहिला. बारकाईने पाहणाऱ्याला तो अरुंदपणा आजही खटकतो. १५ मिलिमीटरसाठी ब्रिटनची जुनी टीटी, १:१०१.६, अगदी जवळची आहे. १० मिलिमीटरला त्याहून लहान असलेले एन हे माप पुरते.

पण ओ निवडले की जागेचा प्रश्न येतो. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर वीस मीटरचा प्रवासी डबा ४२ सेंटिमीटर अडवतो. म्हणून आखूड, दोन आसांच्या वाघिणी सोयीच्या. तशा वाघिणींतूनच त्या युद्धात सैन्याची ने-आण होत असे. मागच्या कडेचे स्टेशन मात्र एक माप लहान घेतले तरी चालते, कारण टेबलावरची अंतरे तशीही खरी नसतात. खेळात रायफलचा पल्ला फूट-दोन फुटांचा धरलेला असतो. मूर्तीच्या प्रमाणात ३०० मीटर मोजायचे म्हटले, तर पाच मीटरहून लांब टेबल लागेल. अंतरे अशी आधीच आक्रसलेली असतात. झाडांचे तर विचारूच नये, कारण रोपटे आणि वृक्ष दोन्ही खरेच असतात.

आता तोच सैनिक ओच्या वाघिणीशी उभा केला आहे. दार त्याच्या टोपीवर बोटभर नाही, पण दिसण्याइतके उरते. त्याच्या बेसची कड लपवण्यासाठी रुळालगत बारीक वाळू आणि त्यावर थोडी खडी पसरली आहे.