चार बोटांचं जाळं

(काळोख. पाण्यावर एक बॅटरी हलते आहे. वल्ह्यांचा आवाज.)

पहाटेचे साडेचार. मार्च उजाडलाय, तरी उजनीच्या पाण्यावर अजून स्वेटर लागतो. होडीत आम्ही पाच जण. दहावीला एका बाकावर बसणारे आम्ही चौघं आणि आमच्यातल्या एकाचे वडील, ज्यांना सगळा काठ नाना म्हणून ओळखतो. नानांचा मुलगा वल्ह्यावर. शाळेत त्याचं टोपणनाव वाम, सापासारख्या निसरड्या माशाचं. मास्तरांच्या हातातून निसटायचा, म्हणून. आज तो पूर्णवेळ मासेमारी करतो. बाकीचे आम्ही तिघं पुण्यात, पगारावर. अठरा वर्षांनी चौघं एका होडीत बसलोय.

वाम कुठे निघालाय, हे आम्हाला दिसत नाही. त्याला मात्र दिसतंय.

(क्षितिजावर लाल दिवा. त्याच्या अलीकडे काळी टोकदार आकृती.)

समोरचा तो लाल दिवा साखर कारखान्याच्या धुराड्यावरचा. त्याच्या अलीकडे पाण्यातून वर आलेलं टोक म्हणजे पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचं शिखर. शिखर आणि धुराडं एका रेषेत आलं, की होडी त्या रेषेवर ठेवायची. मग डाव्या हाताला बाभळींची रांग जिथे तुटते, तिथे थांबायचं. काल संध्याकाळी सोडलेलं जाळं तिथेच सापडतं. जीपीएस वामच्या फोनमध्येही आहे. तो फोन खिशातच राहतो.

(झुंजुमुंजू. शिखर हळूहळू उजळतं.)

हे दृश्य आम्ही चार वेळा टिपलं आणि चारही वेळा होडीत कुणी बोललं नाही.

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. पूर्ण भरलं की त्यात सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न येणारं. काठावरच्या माणसांना टीएमसीपेक्षा दोनच गोष्टींशी मतलब असतो. पावसाळ्यात, दौंडवरून किती क्युसेक येतंय? उन्हाळ्यात, धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, कधी जाणार? पुणे जिल्ह्यातल्या धरणांचे दरवाजे उघडले, की मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांचं पाणी भीमेतून इथे उतरतं. पळसनाथ बुडतो. पाणी ओसरतं, तसं आधी शिखर वर येतं. एखाद्या कोरड्या वर्षी अख्खं देऊळ उघडं पडतं. मग माणसं भेगाळलेल्या गाळातून पायी चालत दर्शनाला जातात, वीरगळांवर हात ठेवतात, कुणी फुटक्या जोत्याशी उभं राहून ‘हे आमचं घर’ असं सांगतं.

नानांचं गाव असंच पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. सात एकर काळी जमीन गेली, विहीर गेली, विहिरीवरचं चिंचेचं झाड गेलं. घरात मासेमारी कुणी केलेली नव्हती. त्यांना जाळं धरायला शिकवलं शाळेतल्या दोन भोई मित्रांनी. भोई समाजाची हयात नदीवर गेलेली. नदीचा समुद्र झाला, तेव्हा त्यांनाही नवं शिकावं लागलं होतं. एकीकडे ते स्वतः शिकत होते आणि दुसरीकडे शेतकऱ्याच्या पोराला शिकवत होते.

“जाळं कुठं सोडलंय ठावं हाय का?” नाना आम्हाला विचारतात. आणि स्वतःच सांगतात, “आमच्या हिरीवर.”

(पहिला बोया हाती लागतो.)

बोया म्हणजे थर्माकोलचा तुकडा, त्याला दगडाचं वजन. इथून जाळं उचलायला सुरुवात.

हे तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या सुताचं जाळं. पाण्यात बुडालं की दिसत नाही, इतकं बारीक पारदर्शक सूत. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला शिसं. मधे जाळ्याची भिंत पाण्यात उभी राहते. मासा वाटेत येतो, डोकं आसात, म्हणजे जाळ्याच्या घरात घालतो, पुढे जाता येत नाही. मागे यायला बघतो, तेव्हा सूत कल्ल्यांमागे अडकतं. सगळी किमया त्या आसाच्या मापाची. लहान मासा आरपार निघून जातो. फार मोठा मासा डोकंच आत घालू शकत नाही, धडक देऊन वळतो. अडकतो तो मधला, बाजारात जायला तयार झालेला.

हे माप इथे बोटांनी मोजतात. नाना जाळ्याच्या एका घरात हाताची चार बोटं घालून दाखवतात. अंगठा बाहेर. चारही बोटं सहज गेली पाहिजेत. “चार बोटी. ह्याच्या खाली आम्ही उतरत न्हाई.”

(बोटांवर कॅमेरा स्थिर.)

ही बोटं जरा निरखून बघा. तर्जनीच्या आतल्या बाजूला दोरीनं पडलेली खाच आहे. आडवे-तिडवे पांढरे वण आहेत, ते चिलापीच्या, म्हणजे तिलापिया माशाच्या, पाठीच्या काट्यांचे. करंगळीचं नख अर्धंच आहे. ते कशानं गेलं, हे नाना सांगत नाहीत.

जाळं वर येतंय. वाम वल्ह्यानं होडी जाळ्याच्या पोटाशी धरून ठेवतो. वारा पूर्वेकडून असला तर होडी जाळ्यावर चढते आणि सूत वल्ह्यात गुंततं. म्हणून तो एका वल्ह्यानं रेटतो, दुसऱ्यानं अडवतो. नाना हातावर हात टाकत जाळं होडीत घेतात, मासा सोडवतात, रिकामं जाळं दुमडून मागे ठेवतात. मासा ओढायचा नाही. ज्या बाजूनं आला त्याच बाजूनं, डोक्याकडून बाहेर काढायचा. ओढला तर खवले जातात, सूत तुटतं, आणि तुटलेलं जाळं शिवायला दुपार जाते.

आमच्यातल्या बँकवाल्याला पहिला मासा सोडवायला पाच मिनिटं लागतात. त्याच वेळात नाना अकरा काढतात.

चिलापी, चिलापी, चिलापी. मधेच एक रोहू. मग पुन्हा चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. भारतात 1952 साली आणला गेला. आज उजनीतली बरीचशी मासळी म्हणजे हीच. नानांच्या लहानपणी भीमेत मिळायचे ते शिवडा, शिंगटा, मरळ, वाम. ते संपले नाहीत, पण आता एखादा मिळाला तर माणूस दुसऱ्याला हाक मारून दाखवतो.

तशी एक हाक आम्ही ऐकली. जाळ्याच्या खालच्या कडेला वाम गुंडाळली गेली होती. हातभर लांब, तपकिरी, पाठीवर बारीक काट्यांची रांग. टोपणनावाची आणि खऱ्या वामची गाठ पडली. होडीत जो कल्ला झाला, तो आवाज आम्ही मुद्दाम तसाच ठेवलाय.

(कल्ला. हसणं. वाम होडीच्या तळाशी वळवळते.)

आणि मग हे.

(चिलापी मादी, जवळून. तोंड मिटलेलं, गळा फुगलेला.)

नानांनी ही मादी सोडवली आणि हात थांबवला. गळ्याखाली फुगवटा. ही चिलापी अंडी तोंडात उबवते. मादी अंडी घालते, मग ती तोंडात घेते, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. तेवढे दिवस ती नीट खातही नाही. पिल्लं बाहेर पडल्यावरही धोका वाटला, की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात.

नानांनी तिला पाण्याच्या पातळीला धरलं. तिनं तोंड उघडलं.

(पिल्लं बाहेर पडतात. मोहरीपेक्षा थोडी मोठी, प्रत्येकाला दोन काळे डोळे. सात सेकंद निवेदन नाही.)

नानांनी मूठ सैल केली.

आता जे सांगायचंय, त्यासाठीच हा दिवस आम्ही चित्रित केला. उजनीत पाणी कमी पडतं, याची बातमी दर उन्हाळ्यात होते. मासा कमी पडतो, याची होत नाही. चार बोटी जाळ्यातून ही पिल्लं, त्यांच्यापेक्षा शंभरपट मोठी पिल्लंसुद्धा, आरामात निघून जातात. पण इथे वडाप नावाचं जाळं चालतं. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचं, लांबच लांब, माणसं लावून ओढायचं. त्यातून काहीच सुटत नाही. बोटाएवढं पिल्लू, अंड्यांवर आलेली मादी, सगळं एका ओढीत काठावर. बंदी आहे, कारवाया होतात, जप्त केलेली जाळी जाळतात, आणि महिन्याभरात दुसरीकडे वडाप पडतं.

रोहू, कटला, मृगळ यांचं दुखणं आणखी वेगळं. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणून त्यांचं बीज बाहेरून आणून धरणात सोडतात. त्यालाच बोटुकली म्हणतात, कारण ते बोटाएवढंच असतं. सोडलेली बोटुकली वाढायला वेळ मिळाला, तर किलो-दोन किलोचा मासा होतो. वडापात गेली, तर वाळवून पोत्यात. फरक एवढाच, आणि त्या फरकावर काठावरच्या घरांचं वर्ष उभं आहे.

(ऊन वर आलंय. उथळ पाण्यात गुलाबी रेघ.)

कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी. हिवाळ्यात हे भिगवणच्या पाण्यावर येतात. मान खाली, चोच उलटी धरून गाळातलं बारीक खाद्य गाळून घेतात. त्यांच्यापलीकडे शेकाटे, काठ्यांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे, आणि आमच्या होडीवरून दोनदा फेरी मारणारा नदीसुरय. शनिवार-रविवारी इथे पर्यटक येतात. त्यांच्या होड्या चालवणारे बहुतेक मासेमारच, मोसमात हा त्यांना चांगला आधार. पक्ष्यांच्या किती जवळ न्यायचं आणि कुठे वल्हं थांबवायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

(रोहित एकदम उडतात. संगीत.)

भिगवणच्या बाजारात लिलाव साडेआठच्या आत उरकला. चिलापीला बरा भाव मिळाला, रोहूला त्याहून बरा. नानांनी पैसे मोजले नाहीत, खिशात घातले.

एक रोहू आणि ती वाम मात्र बाजारात गेली नव्हती.

(काठ. तीन दगडांची चूल. धूर.)

कालवण नानांनी केलं. आम्ही फक्त बाभळीच्या काटक्या गोळा केल्या आणि कांदा चिरला. वाम राखेनं चोळून घ्यायची, म्हणजे हातातून सटकत नाही. पातेल्यात तेल, ठेचलेला लसूण, घरचं काळं तिखट. वरून चिंचेचा कोळ. पाण्याला उकळी फुटली, की मगच तुकडे सोडायचे आणि त्यानंतर पळी घालायची नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून नुसतं हिंदकळवायचं. पळी लागली की मासा फुटतो. वामच्या आईनं फडक्यात बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी, कच्चा कांदा. ताटल्या चार आणि माणसं पाच, म्हणून नाना पातेल्याच्या झाकणात जेवले. त्यांच्या त्या दोन भोई मित्रांपैकी एक आता नाही. दुसरे काठावरून चालत आले, त्यांनी रस्सा वाटीनं प्यायला आणि “मीठ कमी हाय” एवढंच म्हणाले.

(दोन म्हातारे पाण्याकडे बघत बसलेले.)

जेवताना वारं सुटलं. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले, तसा वाम उठून होडीचा दोर तपासून आला. 21 मे 2024 रोजी अशाच अचानक सुटलेल्या वादळात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. आमच्या होडीत आज पाच लाइफ जॅकेट आहेत.

दुपार जाळं शिवण्यात गेली. लाकडी सुई, तिच्यावर गुंडाळलेलं सूत. नाना फाटलेल्या घराच्या कडा आधी कापून साफ करतात. सरळ फाटलेलं शिवायला सोपं, कोपऱ्यातून फाटलेलं अवघड. गाठ मारताना मापासाठी पट्टी वापरत नाहीत, डाव्या हाताची बोटं घालतात. म्हणून नानांनी शिवलेल्या जाळ्याचं माप नानांच्या हाताचं असतं, वामनं शिवलेल्याचं वामच्या. आम्हीही एकेक घर शिवलं. माझी गाठ नानांनी सोडवली आणि पुन्हा मारायला लावली. तिसऱ्यांदा मारली ती राहिली.

(संध्याकाळ. पाणी तांबूस. होडी पुन्हा निघते.)

बँकवाल्याला रात्री आठची गाडी होती. त्यानं ती जाऊ दिली.

उतरत्या उन्हात शिखर सकाळपेक्षा थोडं उंच वाटत होतं. पाणी दिवसभरात तेवढं उतरत नाही, नजरेचाच खेळ असेल. नानांनी आज वल्ही आमच्या हातात दिली आणि ते पुढे बसले. होडी दोनदा गोल फिरली, तिसऱ्यांदा सरळ झाली. कुणी ‘इकडं घे’, ‘तिकडं घे’ म्हटलं नाही. धुराड्यावरचा दिवा लागला तेव्हा वाम मला म्हणाला, “सांग, कुठं थांबू?”

मी शिखर बघितलं, दिवा बघितला, बाभळी मोजल्या. “अजून थोडं. अजून. बास.”

नानांनी मागे वळून पाहिलं नाही. दगड उचलला आणि तिथेच पाण्यात सोडला.