लातूरच्या बायका कच्छला गेल्या तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली, अंथरुणाला पाठ टेकली आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी ही नावं तोवर लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी ती जगभरच्या बातम्यांत होती. औसा, निलंगा आणि उमरगा तालुक्यांत माणसं हजारोंनी गेली. गेलेल्यांचा आकडा कुणी आठ हजारांच्या आसपास धरतं, कुणी दहा हजारांच्या जवळ. ज्यांच्या घरचं कुणी गेलं, त्यांच्यासाठी त्या आकड्याला काय अर्थ असणार!

त्या रात्रीबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे, आणि ते बोललं जायलाच हवं. मला मात्र आज त्यानंतरच्या वर्षांबद्दल सांगायचं आहे. छायाचित्रकार निघून गेले, धान्याचे ट्रक यायचे थांबले, त्यानंतर गावं कशी उभी राहिली आणि कुणी उभी केली, त्याबद्दल.

पण आधी घरं का पडली, ते समजून घेऊ. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं हा भूकंप फार मोठा नव्हता. तरीही एवढी माणसं गेली ती घरांमुळे. आपल्या मराठवाड्यातलं जुनं घर तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, दगड जोडायला माती, वर लाकडाचं माळवद, म्हणजे सपाट छत, आणि माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत कसं गार वाटतं! चोराचिलटाचं भय नाही. पावसाळ्याच्या तोंडावर माळवद गळू नये म्हणून दरसाल पांढऱ्या मातीची पाटी वर चढायची. जुनी माती काढायचं काही कुणाच्या मनात यायचं नाही. अशी वर्षानुवर्षांची माती डोक्यावर साठत गेली. भिंत बाहेरून एकसंध दिसायची, पण आत ती दोन वेगवेगळ्या भिंतींची असायची. बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये कपच्या आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा लांब आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. जमीन हलली तशी भिंत मधून उकलली आणि निजलेल्या माणसांवर दगड-मातीचा ढीग आला. काही ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या, भिंती तेवढ्या खाली आल्या.

हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं अगदी सुरक्षित समजला जात होता. सरकारी नकाशात तो सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वास्तविक १९९२च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या लोकांना जमिनीतून आवाज येत होते, लहान-मोठे धक्के बसत होते. लोक घाबरले होते, काही जण बाहेर निजत होते. महिने गेले, धक्के कमी झाले आणि माणसं पुन्हा घरात निजू लागली. त्यांचा काय दोष? घर सोडून कोण किती दिवस अंगणात राहील!

पहिल्या काही तासांत ढिगारा उपसला तो वाचलेल्यांनी आणि शेजारच्या गावांतल्या माणसांनी. हातानं, टिकावानं, जे सापडेल त्यानं. मग लष्कर आलं, आणि त्यांच्याबद्दल आजही त्या गावांत आदरानं बोललं जातं. त्यात पाऊस सुरू झाला. पडलेल्या घरांचीच लाकडं सरणाला लागली. पुढे देशातून, परदेशातून मदत आली. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनं, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं, सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेलं आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. एका रात्रीत आई-बाप गेलेलं मूल शिकून उभं राहतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. पुनर्वसनाच्या दोन वाटा झाल्या. जी ५२ गावं जवळपास पूर्ण उद्ध्वस्त झाली, ती नव्या जागी हलवून बांधायची ठरली. आणि हजारांहून अधिक गावांत, जिथे घरं तडकली होती पण गाव उभं होतं, तिथे ज्यानं त्यानं आपलं घर सरकारी मदतीतून दुरुस्त करायचं, मजबूत करायचं. जागतिक बँकेचं कर्ज होतं, राज्य सरकारची यंत्रणा होती.

नव्या जागेच्या गावांत घरं पटकन झाली आणि पक्की झाली. लोकांनाही तेव्हा सिमेंट-काँक्रीटच हवं होतं. दगड पाहिला तरी अंगावर काटा यायचा. पण गावाचा आराखडा दुसऱ्या कुणीतरी कागदावर आखलेला होता. सरळ रुंद रस्ते, एका मापाच्या ओळी. घर किती मोठं ते जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी जुने शेजारी पांगले. पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली घरं गावाच्या दोन टोकांना गेली. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, चूल कुठे मांडायची, याचा विचार आराखड्यात कमी पडला. मग लोकांनी हळूहळू पुढे पत्रे टाकले, मागे गोठा काढला, आणि काहींनी तर पुन्हा दगड-मातीच्याच भिंती घातल्या. मी बांधणाऱ्यांना नावं ठेवत नाही. त्या घाईच्या दिवसांत डोक्यावर छप्पर देणं हे मोठं काम होतं आणि ते झालं. पण ज्या बाईला त्या घरात पुढची चाळीस वर्षं काढायची होती, तिला कुणी आधी विचारलं असतं तर चूल आणि गोठा आराखड्यातच आले असते.

दुरुस्तीच्या गावांत मात्र विचारल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. लाखाहून जास्त घरं, प्रत्येकाचं नुकसान वेगळं, आणि इंजिनिअर मोजके. गावोगाव फिरणाऱ्या साहेबाची वाट पाहत किती घरं दुरुस्त होणार? मग एक चांगली गोष्ट घडली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे लोकसहभागाचं काम आलं, आणि गावोगावच्या महिला मंडळांतून बायकांना 'संवाद सहायक' नेमण्यात आलं. गाव आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून. प्रेमाताई २०२२ साली गेल्या. त्यांनी सुरू केलेलं काम मराठवाड्यात अजून चालू आहे.

त्या काळी या भागातली सून चारचौघांत डोक्यावरचा पदर सरकू द्यायची नाही. ग्रामपंचायतीच्या पायरीवर बाई चढली तर मागे कुजबुज व्हायची. अशा बायका घरोघर फिरू लागल्या. कुणाचा हप्ता आला, कुणाचा अडला, कुणाचं नाव यादीत आलंच नाही, सिमेंट कुठून आणायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होऊ लागलं. विधवा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, ज्यांच्या वतीनं कचेरीत बोलायला घरात पुरुष नाही, अशा घरांचे कागद या बायकांमुळे पुढे सरकले.

आणि बांधकाम! जुनी दगडी भिंत मजबूत करायची एक पद्धत होती. भिंतीतून काळजीपूर्वक काही दगड काढायचे, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकं वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधले जातात. शिवाय दारं-खिडक्यांच्या वरच्या अंगानं घराभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा, आणि माळवदावरची माती काढून भार हलका करायचा. ऐकायला सोपं आहे. पण भूकंपानं धसका घेतलेल्या माणसाला जाऊन सांगा, की बाबा रे, तुझ्या भिंतीला आम्ही भोकं पाडणार आहोत म्हणजे ती मजबूत होईल! कोण ऐकणार? माळवदावरची माती काढू म्हटलं तर लोक म्हणणार, पावसात गळेल त्याचं काय. म्हणून गावात एखादं घर आधी करून दाखवावं लागायचं. लोक येऊन भोकात बोट घालून पाहायचे, सळई हलते का बघायचे, गवंड्याला चार प्रश्न विचारायचे. त्यानंतर कुणीतरी म्हणायचं, बरं, माझ्या एका भिंतीला करा.

काँक्रीट भरलं की काम संपलं असं नसतं, हे बायकांनी पक्कं ध्यानात ठेवलं. त्यावर रोज पाणी मारावं लागतं, आठवडाभर तरी. नाहीतर सिमेंट उन्हानं करपतं आणि पट्टा नुसता दिसायला राहतो. हा पाण्याचा तुटवडा असलेला मुलूख. उन्हाळ्यात प्यायचं पाणी लांबून डोक्यावर आणायचं, त्यातलंच भिंतीवर मारायचं. ते पाणी कोण आणणार? बाईच. म्हणून सिमेंटला पाणी का लागतं हे गवंड्याच्या आधी तिला पटवून देणं गरजेचं होतं. जिला ते पटलं तिनं भांडी घासलेलं, धुणं धुतलेलं पाणी राखून ठेवलं आणि भिंतीवर मारलं. वाळूत माती किती आहे, हे मुठीत दाबून पाहायला त्या शिकल्या. गवंडी घाई करू लागला की त्याला थांबवायला शिकल्या.

सगळं यशस्वी झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ कुटुंबांनी जुन्या घराला हात लावलाच नाही. मदतीत स्वतःची भर घालून शेजारी नवी पक्की खोली बांधली आणि निजायला तिथे जाऊ लागले. इंजिनिअरांच्या दृष्टीनं ते अपुरं होतं. पण तो निर्णय कुटुंबानं स्वतः घेतला होता, आणि भीती मनात असताना निदान रात्रीची झोप लागणं ही काही लहान गोष्ट नाही.

कार्यक्रम संपल्यावर या बायका घरी बसल्या नाहीत. गटात जमायची सवय लागली होती. बचत गट उभे राहिले. पाणी, रेशन, दवाखाना, शाळा, एकेक विषय त्या हातात घेत गेल्या.

आणि मग २६ जानेवारी २००१ आला. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी कच्छ हादरलं. भुज, भचाऊ, अंजार. तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. कच्छी कुणाला येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. पण ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बाईशेजारी जाऊन बसायला भाषा किती लागते? आपल्यावरही हेच आलं होतं, हे सांगणारी बाई समोर असली की ऐकणारीला वेगळाच धीर येतो. अधिकारी जे सांगू शकत नाही ते ती सांगू शकते. तात्पुरत्या शेडमध्ये दिवस कसे निघतात, यादीत नाव नसलं तर काय करायचं, घर बांधून घेताना कशावर अडून बसायचं. २००४ची त्सुनामी आली तेव्हा हेच अनुभवाचं गाठोडं तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांपर्यंत गेलं. ज्यांना दहा-अकरा वर्षांपूर्वी जगानं मदत केली होती, त्याच आता मदतीला जात होत्या.

पुढे मराठवाड्यात ओळीनं दुष्काळ पडले. २०१६ साली तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं लातूरला. त्या काळात याच गटांतल्या बायकांनी घरच्यांकडून एकेक एकर जमीन कसायला मागून घेतली आणि त्यात कमी पाण्याचं, आधी खायला लागेल असं पीक घेतलं. ज्वारी, डाळी, भाजीपाला. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. भूकंपात गटानं बसायला शिकलेली माणसं दुष्काळातही गटानं बसली, असं मला हे काम पाहताना वाटतं.

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीनं काठ सोडला. परंडा, करमाळा, माढा भागांत घरांत पाणी शिरलं, शेतातली माती वाहून गेली. जिथे काळी माती होती तिथे खडक उघडा पडला. आत्ता माझं बोलणं ऐकणाऱ्यांत तिथले कुणी असतील, तर तुम्हाला मला हे सांगायचं आहे. पंचनाम्याची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. ज्या घरात बोलणारं कुणी नाही, त्या घराचं नाव यादीत आहे का ते आधी बघा. वस्तीवस्तीतून दोन-दोन बायका निवडा आणि त्यांना तलाठ्याकडे, कृषी सहायकाकडे सोबत घेऊन जा. घर नव्यानं बांधत असाल तर गेल्या वेळी पाणी कुठवर चढलं होतं ती खूण भिंतीवरून पुसू नका. गवंड्याला ती दाखवा आणि जोतं तिच्यावर घ्यायला सांगा. आणि काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारा.

नमस्कार.